कशानं झाली सर्दी?

जूनच्या मध्याला शाळा भरतात आणि जुलै लागेपर्यंत माझ्या दवाखान्यातली बाकं पुरेनाशी होतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळ माझी जनरल प्रॅक्टिस आहे. पावसाच्या त्या दिवसांत दारात ओल्या छत्र्यांचा ढीग असतो, आत एकाच वेळी चार-पाच मुलं खोकत असतात आणि पदरानं नाक पुसून पुसून त्यांचे वरचे ओठ लाल झालेले असतात. मी केसपेपरवर नाव, वय, वजन लिहून घेते तोवर प्रश्न येतोच, "मॅडम, कशानं झालं असंल?"

पुष्कळदा उत्तरही घरूनच आलेलं असतं. "हिनं सांजच्याला डोक्यावरनं न्हाऊ घातलं, मी नको म्हनत हुते," असं सोबत आलेल्या सासूबाई सांगतात. कुठे रात्री दही दिलेलं असतं, कुठे केळं, कुठे पेरू. कुठे पोराला पावसात भिजू दिलेलं असतं. बाळ अजून अंगावर पीत असेल, तर त्याच्या आईनं काहीतरी थंड खाल्लेलं असतं. कारणं निरनिराळी असली तरी दोष फिरून एकाच बाईवर येतो. मांडीवर पोर घेऊन ती खाली मान घालून बसलेली असते. तिचीही रात्र जागूनच गेलेली असते. या प्रश्नाचं नीट उत्तर देणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मी मानते. कारण चुकलं की औषध चुकतं आणि बोलणीही भलत्याच माणसाला बसतात.

सर्दी विषाणूंमुळे होते. सर्दी-पडसं करू शकणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. त्यांतला सर्वांत नेहमीचा म्हणजे ऱ्हायनोव्हायरस, आणि त्याचे एकट्याचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. नाकाच्या आतलं तापमान शरीरापेक्षा थोडं कमी, ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि तिथे तो चांगला वाढतो. शिवाय ॲडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा, लहान बाळांना छळणारा आरएसव्ही आहेतच. कोरोना विषाणूंच्या कुळातले चारजण तर कोविडच्या कितीतरी आधीपासून साध्या सर्दीच्या रूपानं आपल्यात वावरत आहेत. एका प्रकाराशी शरीराची ओळख झाली, तरी पुढच्या वेळी येणारा नवखाच असतो. म्हणून एकदा सर्दी झाली म्हणजे पुन्हा व्हायची नाही, असं होत नाही.

मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा सर्दी होते. अंगणवाडीत किंवा पहिलीत जाणाऱ्या मुलाला ६ ते ८ वेळा झाली, तरी ते त्या वयाला धरूनच असतं. एक सर्दी आठ-दहा दिवस चालते आणि बहुतेक सगळ्या पावसाळ्यात नि थंडीत गाठतात. त्यामुळे आईला वाटतं, पोर कायमच आजारी आहे. "हिच्यात ताकदच न्हाय, कायतरी टॉनिक द्या," ही मागणी त्यातूनच येते. पोर दोन आजारांच्या मध्ये खेळतं का, जेवतं का, वजन वाढतंय का, एवढं मी पाहते. तिन्ही उत्तरं "हो" असली, तर त्या मुलाच्या ताकदीत काही कमी नाही. शाळा सुरू झाली, वर्गात तीस-चाळीस पोरं एकत्र बसली, खिडक्या पावसामुळे लावलेल्या, रुमाल एखाद्याकडेच. शिंकेतून, खोकल्यातून आणि हातांवरून विषाणू फिरतो. नाकाचा हात पाटीला, पाटीचा मित्राला, मित्राचा त्याच्या स्वतःच्या नाका-डोळ्यांना. दोन-तीन दिवसांत त्याचंही नाक वाहू लागतं. पोरगं ही सर्दी शाळेतून आणतं, घरी बसून आईनं ती केलेली नसते.

मग गारठ्याचं काय? आजीचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, कारण शास्त्रज्ञांनीही ते फार मन लावून तपासलं आहे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी इथे १९४६ साली केवळ सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र निघालं आणि ते चाळीसहून अधिक वर्षं चाललं. तिथे स्वेच्छेनं आलेल्या लोकांच्या नाकात विषाणूंचे थेंब घालत आणि त्यांना दहा दिवस नजरेखाली ठेवत. काहींना गरम पाण्यानं आंघोळ घालून, ओल्या अंगानं, ओले मोजे चढवून वाऱ्याच्या बोळात उभं केलं गेलं. नुसत्या गारठ्यानं त्यांना सर्दी झाली नाही. डॉ. डेव्हिड टायरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसातल्या कोरोना विषाणूंपैकी एक १९६५ साली याच केंद्रात एका शाळकरी मुलाच्या नाकातल्या स्रावातून मिळाला. पुढे २००५ मध्ये कार्डिफ इथल्या अभ्यासकांनी ९० जणांना वीस मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून बसवलं आणि दुसऱ्या ९० जणांना रिकाम्या भांड्यात. नंतरच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या २६ जणांना आणि दुसऱ्या गटातल्या ८ जणांना सर्दीची लक्षणं जाणवली. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा, की गारठ्यानं नाकातल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आधीपासून दबा धरून बसलेल्या विषाणूला वाव मिळतो. म्हणजे पोराला गारठ्यापासून जपावं, हे आजीचं सांगणं टाकाऊ नाही. पण विषाणू आलेलाच नसेल तर डोक्यावरून पाणी घेतल्यानं सर्दी होत नाही. दह्यात आणि केळ्यात तर सर्दीचा विषाणू नसतोच. सासूबाईंना हे मी सुनेच्या समोर सांगते, कारण ते तिनंही ऐकायला हवं असतं.

दुसरी अडचण दिवसांच्या हिशेबाची. सर्दीला तिचा ठरलेला क्रम असतो. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, अंगात कणकण वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक धो-धो वाहतं, कधी ताप येतो, आणि त्रास तेव्हा सर्वांत जास्त असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड दाट, पिवळा-हिरवा होतो. आठ-दहा दिवसांत नाक मोकळं होतं, पण खोकला मागे रेंगाळतो. मोठ्या माणसांच्या अशा खोकल्यावरचे अभ्यास एकत्र करून सरासरी काढली, तेव्हा ती सुमारे १८ दिवस भरली. लोकांची अपेक्षा मात्र आठवड्याभराची असते. मधल्या दहा-अकरा दिवसांत माणूस दोन-तीन डॉक्टर बदलतो आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा "स्ट्राँग" काहीतरी लिहून देतो.

हिरव्या शेंबडाची भीती तर फारच खोल रुजलेली आहे. "आता इन्फेक्शन झालं" असं म्हणून आई बाळाचा रुमाल उलगडून दाखवते. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या लोहयुक्त हिरव्या विकराचा असतो. विषाणूशी लढायला त्या पेशी नाकात जमल्या, एवढाच त्याचा अर्थ. रंगावरून जंतू आहेत की विषाणू, हे ठरत नाही. मोठ्या माणसांत साध्या सर्दीनंतर सायनसमध्ये जंतूंचा संसर्ग होण्याचं प्रमाण शंभरात जेमतेम दोन. दहा दिवस उलटूनही उतार नाही, किंवा बरं वाटू लागल्यावर पुन्हा ताप आणि चेहऱ्यात ठणका सुरू झाला, तर मी त्या दोनांचा विचार करते.

तरीही "एक सुई मारा" हा आग्रह येतो. मेडिकलमधून आणलेली अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी खिशात घेऊनच काहीजण येतात. पट्टीवर उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं ती सांगते, हे फार थोड्यांना माहीत असतं. "मागच्या टायमाला ह्यानंच गुण आला हुता." त्यांचा अनुभव खोटा नाही, फक्त श्रेय चुकीच्या ठिकाणी जातं. माणूस सर्दीच्या तिसऱ्या दिवशी, त्रास टिपेला पोचल्यावर गोळी घेतो. तीन दिवसांनी सर्दी आपसूक उतरणीला लागलेली असते आणि गोळ्याही नेमक्या तेव्हाच संपतात. प्रतिजैविक जंतूंवर चालतं, विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो आपल्या आतड्यातल्या जंतूंवर, आणि ते निबर होत जातात. याची किंमत वेगळ्याच वेळी मोजावी लागते. गरोदर बाईला लघवीचा संसर्ग होतो, कल्चरचा रिपोर्ट येतो आणि त्यावर एका औषधापुढे "आर", दुसऱ्यापुढे "आर", तिसऱ्यापुढेही "आर" असतं. म्हणजे ती औषधं आता तिच्यावर चालणार नाहीत. असा कागद हातात धरून पोटात बाळ असलेल्या बाईला काय द्यावं, हे ठरवणं किती जड जातं, ते मला माहीत आहे.

खोकल्याच्या बाटल्यांबाबतही मी आता स्पष्ट बोलते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडच्या लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या कितीतरी मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. त्या मुलांचं दुखणं मुळात खोकला-तापाचं होतं. ही बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला खोकल्याच्या औषधाची सहसा गरजच नसते आणि दोन वर्षांखाली ते देऊच नये.

मग मी देते काय? तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब, विशेषतः बाळ पिण्याआधी, कारण नाक बंद असलं की त्याला दूध ओढता येत नाही. वर्षापुढच्या मुलाला झोपताना चमचाभर मध. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून एक गंभीर विषबाधा होऊ शकते. गवती चहा, आलं, हळदीचं दूध खुशाल द्या, घशाला बरं वाटतं. पण उकळत्या पातेल्यावर पोराला वाकवू नका, वाफाऱ्यानं भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. बाळाच्या नाकात तेल सोडू नका, ते फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. हे सगळं मी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून देते, त्याखाली दिवसांचा क्रम, आणि सर्वांत खाली "लगेच या" म्हणून काही ओळी. हे समजावायला गोळ्या लिहून देण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. बाहेर बाक भरलेलं असतानाही तो वेळ काढायला हवा.

त्या शेवटच्या ओळी आल्या आहेत त्या सर्दीसारखी सुरुवात होऊन भलतंच निघालेल्या आजारांतून. अचानक ताप, गिळताना जीव जाईल असं दुखणं, आणि नाक मात्र कोरडं, खोकला नाही. टॉर्च मारून "आ" करायला लावलं की टॉन्सिल लालबुंद, वर पांढरे ठिपके, जबड्याखालच्या गाठी हात लावू देत नाहीत. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचं असं चित्र दिसलं की मी स्ट्रेप्टोकोकस जंतूचा विचार करते. मुलांच्या दुखऱ्या घशांपैकी शंभरातले वीस ते तीस या जंतूचे असतात, म्हणजे तरीही बहुसंख्य विषाणूंचेच. या जंतूला मात्र प्रतिजैविक द्यायलाच हवं, पूर्ण दहा दिवस, किंवा पेनिसिलिनचं एक इंजेक्शन. आपल्या सुदैवानं हा जंतू आजही साध्या पेनिसिलिनला शरण येतो.

हे मी इतकं आवर्जून का सांगते, याला एक कारण आहे. सहाव्या महिन्यातली एक तरुण बाई धाप लागते म्हणून आली. घरच्यांना ते पहिलटकरणीचं थकणं वाटत होतं. तिला डाव्या कुशीवर वळवून मी स्टेथोस्कोप छातीच्या टोकाशी ठेवला, तेव्हा ठोक्यांच्या मधल्या शांततेत खोल, घरघरता आवाज ऐकू आला. इकोसाठी पाठवलं. मायट्रल झडप आकसलेली होती. विचारता विचारता कळलं, शाळेत असताना घसा धरायचा, एकदा आधी गुडघा आणि मग घोटा सुजला होता, "वात" म्हणून तेल चोळलं होतं. दुर्लक्षित घशानंतर दोन-तीन आठवड्यांनी शरीराचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर आणि हृदयावर उलटते, त्याला ऱ्हुमॅटिक फिव्हर म्हणतात. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं, तरी तो टळतो. त्या बाईचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयात सुखरूप पार पडलं, पण दर एकवीस दिवसांचं ते दुखरं पेनिसिलिनचं इंजेक्शन तिला पुढे वर्षानुवर्षं घ्यायचं आहे. शंभर सर्द्यांना नको असलेलं औषध द्यायचं आणि ज्या एका घशाला ते हवं त्याच्याकडे नीट पाहायचंही नाही, या दोन्ही चुका एकाच मुळातून येतात. कारण शोधण्याआधी औषध लिहिलं जातं.

दुसरी ओळ श्वासाची. थंडीच्या दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. फडाशेजारच्या कोप्यांमध्ये रात्री दहिवर पडतं, आत चूल धुमसते आणि बाळं त्याच धुरात निजतात. एका संध्याकाळी अशाच कोपीतली आई चार महिन्यांचं बाळ घेऊन आली. "तीन दिस झाले नाक गळतंय, आज पोट उडतंय. डबा झालाय जणू." मी बाळाला तपासायच्या टेबलावर घेतलं नाही. तिच्या मांडीवरच राहू दिलं, म्हणजे ते रडणार नाही, आणि झबलं वर केलं. घड्याळाच्या काट्यावर पूर्ण मिनिट श्वास मोजायचे होते. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला साठ, वर्षापर्यंत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस, या हद्दीच्या पुढे गेलं की ती सर्दी राहत नाही. मिनिट भरायच्या आधीच पन्नाशी ओलांडली होती आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. औषधाचा पहिला डोस देऊन मी १०८ला फोन केला. ते बाळ वाचलं, ते आईनं पोटाकडे नीट पाहिलं म्हणून.

श्वास मोजण्याची ही साधी युक्ती महाराष्ट्रानं जगाला पटवून दिली आहे, याचा मला अभिमान वाटतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेनं गडचिरोलीच्या खेड्यांत १९८८ पासून गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन तयार केलं. न्यूमोनियाचे बालमृत्यू त्यामुळे घटले आणि तो अभ्यास १९९० साली "लॅन्सेट"मध्ये छापून आला. आज पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल या लशी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पेंटाव्हॅलंटमुळे घटसर्पापासूनही संरक्षण मिळतं. घशात राखाडी पापुद्रा धरणारा तो आजार अजून पूर्ण गेलेला नाही, म्हणून लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय मी मुलाला सोडत नाही.

ऊसतोडीच्या त्या आईला मी विचारलं, पहिल्या दिवशीच का नाही आलीस? "खाडा पडला तर मुकादम पैसं कापतो," ती म्हणाली. कशानं झालं, या प्रश्नाचं माझं उत्तर त्या दिवसापासून आणखी लांबलं. विषाणू सगळीकडे सारखाच आहे. त्यानं साध्या सर्दीवर थांबावं की बाळाच्या फुफ्फुसापर्यंत पोचावं, यात चुलीच्या धुराचा, घरातल्या बिडीचा, हुकलेल्या लसीचा, बाळाच्या कमी वजनाचा आणि बुडणाऱ्या रोजगाराचा वाटा असतो. ही कारणं केसपेपरवर लिहिली जात नाहीत, पण ती आपल्याला बदलता येण्यासारखी आहेत.

म्हणून जूनमध्ये शाळेच्या पालकसभेला बोलावलं की मी जाते. नळाशी साबण रोज ठेवा, पावसातही वर्गाची एक खिडकी उघडी राहू द्या, शिंक कोपरात घ्यायला शिकवा, हे सांगते. आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा, असंही सांगते. त्या बक्षिसापायी तापलेलं पोर शाळेत येतं आणि चार दिवसांत अर्धा वर्ग शिंकू लागतो. काही शिक्षकांना हे पटतं, काहींना हजेरीपटाची काळजी सुटत नाही. मी दरवर्षी पुन्हा सांगते. सर्दीचे दोनशे विषाणू संपवणं आपल्या हातात नाही. आजारी पोराला दोन दिवस घरी राहता यावं, त्याच्यापाशी बसलेल्या आईचा रोज बुडू नये आणि तिला कुणी बोल लावू नये, एवढं मात्र गावानं, शाळेनं आणि कामावर घेणाऱ्यांनी ठरवलं तर नक्की जमेल.